सुट्टीतील वाचन : पात्रांची पारख आणि आशयाचा शोध

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात इंदापूर तालुका वसलेला आहे. शेळगाव हे याच तालुक्यातील एक गाव. बारामती आणि इंदापूर या दोन बाजारपेठांचा हा परिसर पर्जन्यछायेत मोडतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोचते तेथे ऊस डोलतो. जेथे पोचत नाही तेथे पावसाकडे डोळे लावून बसावे लागते. मे महिन्यात येथील शाळा बंद असतात. लग्नसराई ऐन भरात असते, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि शाळकरी मुले शेळ्या-गुरांमागे किंवा पाहुण्यांच्या गावी असतात. जूनच्या मध्याला शाळेची घंटा पुन्हा वाजते. मधले सुमारे सहा आठवडे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याच्या आयुष्यात वर्षातून एकदाच येणारा सलग मोकळा काळ होय.

या काळात वाचनासाठी एखादे पुस्तक नेमून द्यावे, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी पुस्तके नेमून देण्याचा आणि शाळा उघडल्यावर त्यांतील पात्रे व आशय यांवर चर्चा घेण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रातील मराठीच्या पाठ्यपुस्तकांतही स्थूलवाचनाचे पाठ याच हेतूने दिले गेले आहेत. उत्साही शिक्षक सुट्टीपूर्वी पुस्तकांची नावे फळ्यावर लिहून देतात. परंतु जून महिन्यात हाती येणाऱ्या वह्या पाहिल्या तर त्यांत बहुधा एकाच साच्याची वाक्ये आढळतात. ‘हे पात्र प्रेमळ, कष्टाळू, कर्तव्यदक्ष व स्वाभिमानी आहे. या कादंबरीतून एकीचे महत्त्व पटते.’ अशी वाक्ये पुस्तक न वाचताही लिहिता येतात. ती कोणत्याही कादंबरीतील कोणत्याही भल्या माणसाला लागू पडतात; म्हणूनच त्यांतून त्या माणसाविषयी काहीच कळत नाही.

हा प्रश्न केवळ मराठी विषयाच्या गुणांचा नाही. नववी-दहावीतील मुले-मुली तीन-चार वर्षांत मतदार होतात आणि ग्रामसभेत बसण्याचा हक्क त्यांना प्राप्त होतो. तेथे माणसांची पारख करावी लागते. कोण काय बोलतो आणि प्रत्यक्षात काय करतो हे ताडून पाहावे लागते. एखाद्या ठरावामागील हेतू ओळखावा लागतो. ऐकीव विशेषणांवर विसंबण्याची सवय शाळेत लागली तर ती तेथेही सुटत नाही. उलट, पुराव्यावरून मत बनविण्याची सवय एका कादंबरीच्या वाचनातूनही लागू शकते. ती कशी लावावी, याचा येथे एका पुस्तकाच्या आधारे विचार केला आहे.

पुस्तकाची निवड

सुट्टीतील वाचनासाठी पुस्तक निवडताना ते फार मोठे नसावे, त्यातील जग विद्यार्थ्याला ओळखीचे वाटावे आणि तरीही त्यात विचार करण्याजोगे काही असावे, एवढी पथ्ये पाळणे इष्ट ठरते. इंदापूर-बारामती परिसरासाठी या कसोट्यांना उतरणारे पुस्तक म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी. ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. जुन्या औंध संस्थानातील, माणदेशच्या उजाड मुलखातील धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण शिक्षक नेमला जातो. शाळा नावापुरती आहे. मुले मेंढरांमागे रानात जातात. वाडीचा कारभारी शाळेच्या पाठीशी उभा राहतो, हळूहळू मुले येऊ लागतात आणि मास्तर वाडीचाच एक होऊन जातो. गावकरी अंगमेहनत करून तालीम बांधतात. पुढे पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडून जगायला जातात आणि अखेर मास्तरालाही तेथून निघावे लागते. कथानक एवढेच.

या पुस्तकातील जग शेळगावच्या विद्यार्थ्याला परके नाही. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतणारे मेंढपाळांचे वाडे त्याने पाहिलेले असतात. वर्गातील काही मुले अशाच घरांतून आलेली असतात. दुष्काळ हा शब्द त्यांना कोशात पाहावा लागत नाही. अशा विद्यार्थ्याच्या हाती हे पुस्तक पडले म्हणजे शहरातील वाचकाला जे टीप वाचून समजून घ्यावे लागते ते त्याला आपोआप कळते. ही त्याची जमेची बाजू असून शिक्षकाने तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

पहिले वाचन निर्वेध असावे

पुस्तक प्रथम सलग वाचू द्यावे. हाती वही-पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून टिपणे काढावयास लावले तर गोष्टीतील गोडी नाहीशी होते. पहिल्या वाचनानंतर विद्यार्थ्याने फक्त तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : कोणता माणूस सर्वांत अधिक लक्षात राहिला, कोणता प्रसंग पटला नाही आणि पुस्तक मिटल्यावर मनात कोणता प्रश्न उरला. यांपैकी दुसरी आणि तिसरी नोंद विशेष महत्त्वाची. न पटलेल्या प्रसंगापाशीच बहुधा पात्राच्या स्वभावाची गाठ असते आणि उरलेला प्रश्न आशयाकडे नेतो.

खरा अभ्यास दुसऱ्या वाचनात सुरू होतो. त्या वेळी पृष्ठक्रमांकासह नोंदी ठेवाव्यात. पृष्ठक्रमांक लिहिण्याचा आग्रह क्षुल्लक वाटला तरी तो सोडू नये. आपले मत पुस्तकातील कोणत्या जागेवर उभे आहे, हे दाखविण्याची जबाबदारी त्यामुळे विद्यार्थ्यावर येते.

पारखीची चार साधने

कथा-कादंबरीतील माणूस वाचकाला चार वाटांनी कळतो. पहिली वाट त्याच्या कृतीची, दुसरी त्याच्या बोलण्याची, तिसरी इतर माणसे त्याच्याविषयी काय बोलतात याची, आणि चौथी त्याच्यात घडणाऱ्या बदलाची. वहीच्या पानावर चार रकाने आखून प्रत्येक मुख्य पात्राच्या नोंदी त्यांत कराव्यात. विशेषणे या टप्प्यावर लिहूच नयेत. रकाने भरले म्हणजे ते परस्परांशी ताडून पाहावेत. कृती आणि बोलणे जुळते काय? लोक म्हणतात तसा हा माणूस खरोखर आहे काय? आरंभी जसा होता तसाच तो शेवटी आहे काय? जेथे रकाने जुळत नाहीत तेथे थांबावे, कारण माणसाचा खरा स्वभाव अशा विसंगतीतच दिसतो.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी केंब्रिज येथे दिलेली व्याख्याने १९२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी पात्रांचे सपाट आणि गोल असे दोन प्रकार सांगितले आहेत. सपाट पात्र एकाच गुणावर उभे असते आणि ते केव्हा कसे वागेल हे वाचकाला आधीच ठाऊक असते. गोल पात्र वाचकाला चकित करते आणि तरीही पटते. ही विभागणी विद्यार्थ्यांना सहज समजते. तथापि सपाट पात्र म्हणजे कमअस्सल पात्र, असा समज होऊ देऊ नये. काही माणसे कथेत एका क्षणासाठीच येतात आणि त्यांचे काम त्या एका रेषेवर भागते.

कारभारी : एक नमुना

‘बनगरवाडी’तील कारभाऱ्याचे उदाहरण घेतल्यास ही रीत स्पष्ट होईल. मार्गदर्शक पुस्तिकेच्या धर्तीवरील उत्तर असे असेल : ‘कारभारी हा वाडीचा प्रमुख असून तो न्यायी, शिक्षणप्रेमी व करारी आहे.’ यातील एकही शब्द चुकीचा नाही आणि एकही शब्द उपयोगाचा नाही.

रकाने भरलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर निराळे होईल. कारभारी शाळेच्या बाजूने उभा राहतो आणि त्याच्या शब्दाला वाडीत मान असल्यामुळे मुले शाळेत येऊ लागतात, ही पहिली नोंद. शाळेचे यश म्हणजे केवळ मास्तराच्या तळमळीचे फळ नसून त्यामागे एका वृद्धाचा अधिकार आहे, हे त्यावरून दिसते. पुढे कारभाऱ्याच्या मुलीने, अंजीने, मास्तराकडे चोळी शिवून आणण्याची साधी विनंती केल्यावरून वाडीत कुजबुज उठते आणि कारभाऱ्याच्या मनात मास्तराविषयी अढी निर्माण होते, ही दुसरी नोंद. या दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे कळते की, ज्या लोकमताच्या बळावर कारभारी शाळा उभी करतो, त्याच लोकमताचा धाक त्यालाही आहे. त्याचा अधिकार आणि त्याची भीती ही एकाच मुळातून आलेली आहेत. असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कारभारी तर कळलाच. शिवाय आपल्या गावातील एखादा मान्यवर वडीलधारा माणूस कधीकधी अनपेक्षितपणे का वागतो, हेही थोडेफार कळले.

बाजूची माणसे

मुख्य पात्रांइतकेच लक्ष बाजूच्या माणसांकडे दिले पाहिजे. आयबू हा पोरका मुसलमान पोरगा शाळेच्या आधाराने राहतो आणि मास्तराच्या हाताखाली पडेल ते काम करतो. धनगरांच्या वाडीत तो एकटा असूनही उपरा ठरत नाही. तो कोठे आणि कशामुळे सामावला जातो, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. शेकूची बायको फार थोडा वेळ दिसते; परंतु एका बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली जाणारी ती बाई वाचकाच्या मनातून जात नाही. तिच्याविषयी लेखकाने विशेषणे वापरण्याची गरज उरत नाही, कारण तिची कृतीच सर्व काही सांगते. कृतीतून स्वभाव कसा प्रकटतो, हे शिकविण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

आनंदा रामोशी या पात्राच्या बाबतीत शिक्षकाने अधिक सावध राहणे आवश्यक आहे. चोरीचा ठपका असलेला हा माणूस मास्तराला मात्र जवळचा होतो. वर्गात त्याची चर्चा करताना एका माणसाचे वर्णन संपूर्ण समाजावर लादले जाण्याचा धोका असतो. ब्रिटिश अमदानीत १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि देशातील अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात रामोशी समाजाची गणना विमुक्त जातींत होते. याच समाजातील उमाजी नाईक यांनी पुरंदरच्या परिसरातून कंपनी सरकारविरुद्ध बंड पुकारले आणि १८३२ साली त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. ही माहिती चर्चेपूर्वी सांगितली गेली, तर आनंदाचे वागणे त्याच्या परिस्थितीतून आणि त्याच्या स्वतःच्या स्वभावातून समजून घेण्याकडे मुलांचा कल होईल. वर्गात त्या समाजाचा विद्यार्थी बसलेला असेल, तर त्यालाही मान खाली घालावी लागणार नाही. जात किंवा जमात हे पात्राच्या परिस्थितीचे अंग आहे, त्याच्या स्वभावाचे स्पष्टीकरण नव्हे, एवढा एक नियम कटाक्षाने पाळावा.

सांगणारा कोण?

‘बनगरवाडी’ ही सारी कथा मास्तर स्वतः सांगतो. त्यामुळे वाचकाला वाडी दिसते ती त्याच्या डोळ्यांनी. तो तरुण आहे, बाहेरून आलेला आहे, शिकलेला आहे. त्याला जे दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही. अंजीच्या मनात काय होते, हे पुस्तकात कोठेही तिच्या तोंडून सविस्तर येत नाही. कारभाऱ्याच्या रागाचे घरात काय पडसाद उमटले, तेही मास्तराला जेवढे कळले तेवढेच कळते.

ही मर्यादा म्हणजे पुस्तकाचा दोष नव्हे. तो निवेदनाचा स्वभाव आहे. परंतु विद्यार्थ्याला ती जाणवली पाहिजे. त्यासाठी एक साधा स्वाध्याय देता येतो. चोळीचा प्रसंग अंजीच्या बाजूने एका पानात लिहावा, किंवा मास्तर वाडीत येतो तो दिवस आयबूच्या शब्दांत सांगावा. मूळ पुस्तकातील कोणत्याही घटनेला बाध येऊ नये, एवढे बंधन घालावे. असे लेखन करताना मुलींना विशेषतः पुष्कळ सांगावयाचे असते, कारण एखादीच्या साध्या बोलण्याचा गावात विपर्यास कसा होतो, हे त्यांना समजावून द्यावे लागत नाही. सांगणारा मास्तर म्हणजे प्रत्यक्ष लेखक, असे मात्र धरून चालू नये. लेखकाने आपल्या अनुभवातून उभा केलेला तोही एक माणूसच आहे आणि त्याच्यासाठीही चार रकाने आखावे लागतात.

विषय, बोध आणि आशयसूत्र

पात्रांनंतर आशयाकडे वळताना तीन शब्दांतील फरक आधी स्पष्ट करून घ्यावा. विषय एका शब्दात सांगता येतो : दुष्काळ, शाळा, एकी. बोध हा आज्ञेच्या रूपात असतो : एकीने राहावे, शिकावे, धीर सोडू नये. आशयसूत्र या दोहोंहून वेगळे आहे. पुस्तकाने त्या विषयाविषयी काय दाखविले, हे एका पूर्ण वाक्यात मांडणे म्हणजे आशयसूत्र. असे वाक्य पुस्तकातील घटनांनी सिद्ध व्हावे लागते आणि त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या घटनांचीही दखल त्याला घ्यावी लागते.

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. ‘बनगरवाडी’तील तालमीचा भाग वाचून बहुतेक विद्यार्थी हाच पुस्तकाचा सारांश मानतात. ते स्वाभाविकही आहे, कारण गावकरी आपल्या श्रमाने इमारत उभी करतात आणि तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष राजा वाडीत येतो. येथे थोडी ऐतिहासिक माहिती उपयोगी पडते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ साली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि गावपंचायतींना अधिकार सोपविले. त्यामुळे तालमीला आणि गावाच्या श्रमाला त्या राज्यात मान मिळणे सुसंगतच होते. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले.

परंतु पुस्तक तालमीपाशी संपत नाही. त्यानंतर दुष्काळ येतो आणि ज्या माणसांनी भिंती उभ्या केल्या तीच माणसे वाडी सोडून जातात. इमारत राहते, गाव राहत नाही. म्हणजे म्हण खोटी ठरली काय? तसेही नाही, माणसांची एकजूट खरी होती आणि तिचे फळही खरे होते. तेव्हा विद्यार्थ्याला आपले वाक्य दुरुस्त करावे लागते. ते असे होईल : ‘एकजुटीने गाव इमारत उभारू शकते, पण पाणी आणि चारा यांची हमी नसेल तर गावाला गाव म्हणून टिकविण्यास केवळ एकजूट पुरत नाही.’ हे आशयसूत्र झाले. ते बोधाइतके गोड नाही, पण पुस्तकाशी प्रामाणिक आहे. पंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि शिक्षक यांना त्याची सत्यता निराळी पटवून देण्याची आवश्यकता नाही. अर्थात हे एकच आशयसूत्र आहे असे नव्हे. बाहेरून आलेला नोकरदार माणूस एखाद्या वस्तीचा केव्हा होतो, यावरही तितकेच समर्थ वाक्य तयार करता येईल. दोन विद्यार्थ्यांची आशयसूत्रे वेगळी निघाली तर दोन्ही फळ्यावर लिहावीत आणि पुराव्यांची तुलना करावी. गुण उत्तराच्या गोडव्याला न देता त्याच्या आधाराला द्यावेत.

पुस्तकाकडून गावाकडे

आशय उमगला की त्याची आपल्या परिसराशी सांगड घालण्याचे काम सुट्टीतच होऊ शकते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे आजही गावोगावी आहेत. त्या वेळी खडी फोडण्याची, ताली-बंडिंगची आणि रस्त्यांची कामे निघाली, कामावरील लोकांना सुकडी वाटली गेली. त्याच काळात आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. विद्यार्थ्याने घरातील आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारावेत : त्या वर्षी घरातील कोण गावाबाहेर गेले, जनावरांचे काय झाले आणि कोणते काम मिळाले. ही उत्तरे बनगरवाडीच्या अखेरच्या भागाशेजारी ठेवली असता दोन काळांतील साम्य आणि भेद स्वतःहून पुढे येतात. दुष्काळ तोच, पण मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली, हा फरक मुलांना पाठ न करता समजतो.

गाव रिकामे होण्याचे दुसरेही कारण या तालुक्याने पाहिले आहे. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात पळसदेवसारख्या गावांची जुनी वस्ती बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे तेथील जुने मंदिर उघडे पडते आणि ते पाहावयास लोक जातात. बनगरवाडी पाण्यावाचून ओस पडली, पळसदेवचे जुने गावठाण पाण्याखाली गेले. घर आणि शिवार सोडताना माणसाच्या मनात काय होत असेल, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. अशी तुलना ज्या विद्यार्थ्याने एकदा केली त्याला साहित्य ही परीक्षेपुरती बाब वाटणार नाही.

दुसऱ्या पुस्तकावर हीच रीत

हीच पद्धत अन्य पुस्तकांना लावता येते काय, हे पाहण्यासाठी ‘श्यामची आई’ घ्यावे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुस्तक घराघरांत पोचलेले असल्यामुळे त्यातील आईविषयी ‘मायाळू’ हे विशेषण तयारच असते. पण कृतीच्या रकान्यात विद्यार्थी काय लिहील? पाय मळू नयेत म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी ती आपले ओले लुगडे पसरते. आणि तीच आई, पोहावयास भिऊन लपून बसणाऱ्या मुलाला शिंपटीने मारीत विहिरीकडे पाठविते. दोन्ही नोंदी जुळवून पाहिल्याशिवाय ही बाई कळत नाही.

आशयाचेही तसेच आहे. मातृप्रेम हा विषय सर्वांना दिसतो. कर्ज हा विषय फारच थोड्यांना दिसतो. खोताचे मानाचे घर पायरीपायरीने खाली येते, सावकाराचा माणूस दाराशी येतो आणि त्या अपमानाचा घाव आईच्या जिवाला लागतो. हा भाग ध्यानात आला की आईचे संस्कार आणि घरावरील संकट यांचा संबंध स्पष्ट होतो. हे सारे मोठा झालेला श्याम आपल्या मित्रांना आठवून सांगतो आहे, हेही विसरता कामा नये. आठवण सांगताना माणूस काही गोष्टी उजळतो आणि काही सावलीत ठेवतो.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन सुचविता येईल. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. लेखक नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यातील. त्यामुळे त्यातील बोली आणि वाटा या परिसराच्या ओळखीच्या आहेत. आत्मकथनात मात्र माणसे कल्पित नसतात. म्हणून तेथे ‘पात्र’ हा शब्द जपून वापरावा आणि निवाडा देण्यापेक्षा समजून घेण्यावर भर द्यावा.

शिक्षक, ग्रंथालय आणि पंचायत

एवढे सगळे व्हावे तर पुस्तक मुलाच्या हातात पडले पाहिजे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्यानुसार गावोगावच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळू लागले. गावात किंवा जवळपास असे ग्रंथालय असेल तर एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांनी ग्रंथपालांशी बोलून नेमलेल्या पुस्तकांच्या प्रती राखून ठेवाव्यात. दर वर्षी १ मे रोजी ग्रामसभा भरते आणि शाळेचे निकालही त्याच सुमारास लागतात. त्या ग्रामसभेत सुट्टीतील पुस्तकाचे नाव जाहीर झाले, तर पालकांनाही त्याची माहिती होईल. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ च्या मे महिन्यात ‘पुस्तकांचे गाव’ उभे राहिले तेव्हा लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली. प्रत्येक गावाला तेवढे करणे शक्य नसले, तरी एका कपाटाला जागा देणे कोणत्याही गावाला अवघड नाही.

प्रती थोड्या असतील तरी अडून राहण्याचे कारण नाही. पोथी वाचण्याची रीत आपल्या खेड्यांना परिचित आहे. श्रावणात श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि ऐकणारे कर्णाच्या दानशूरपणावर व दुर्योधनाच्या हेक्यावर आपापले मत देतात. पात्रांची पारख म्हणजे दुसरे काय? तीच रीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी देवळाच्या किंवा शाळेच्या ओट्यावर एका कादंबरीसाठी वापरता येईल. रोज एक प्रकरण वाचावे आणि दहा मिनिटे बोलावे. शेळ्या राखणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या आणि साखर कारखान्यावरून नुकत्याच परतलेल्या ऊसतोड कुटुंबांतील मुलांनाही त्यात भाग घेता येईल. पुस्तक विकत घेण्याची ऐपत हा वाचनाचा निकष राहणार नाही.

जूनमध्ये मूल्यमापन करताना भरलेल्या वहीपेक्षा बोलण्याला महत्त्व द्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच मिनिटे एका पात्राविषयी बोलावे. त्याला विचारावयाचे प्रश्नही थोडकेच असावेत. हा माणूस असा आहे, हे पुस्तकात कोठे दिसते? या मताच्या विरुद्ध जाणारी एखादी जागा आहे काय? ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली असती तर काय बदलले असते? ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकर यांचा १९९५ साली आलेला चित्रपट उपलब्ध झाल्यास तो पुस्तक वाचून झाल्यावर दाखवावा, दिग्दर्शकाने कोणता प्रसंग ठेवला, कोणता गाळला आणि त्यामुळे माणसे कशी पालटली, यावर उत्तम चर्चा होते. वाचनापूर्वी चित्रपट दाखविला तर मात्र पडद्यावरील चेहरेच मनात ठसतात आणि मुलांना स्वतःचा कारभारी, स्वतःची अंजी घडविण्याची संधी उरत नाही.

या उपक्रमासाठी वेगळ्या खर्चाची तरतूद लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. एक चांगले पुस्तक, चार रकान्यांची वही, उत्तरे ऐकून घेणारा शिक्षक आणि संध्याकाळी उघडा असणारा ओटा एवढे साहित्य पुरेसे आहे. ‘तो चांगला आहे’ असे म्हणून न थांबता ‘कशावरून?’ असे स्वतःला विचारणारा विद्यार्थी यातून तयार व्हावा. तोच विद्यार्थी उद्या ग्रामसभेत उभा राहून तोच प्रश्न शांतपणे विचारील, तेव्हा सुट्टीतील वाचनाचे चीज झाले असे म्हणता येईल.